मुलांचा लॅपटॉप : अभ्यासाला किती, खेळाला किती?

दहावीचा निकाल लागून अकरावीचा प्रवेश झाला की जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. मुलगा असो की मुलगी, कारण एकच सांगितलं जातं : अभ्यासाला लागतो. ते खोटं नसतं, पण अर्धंच असतं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे गेमिंग. त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट दोन्ही गरजा कागदावर वेगवेगळ्या मांडल्या की पैसा नेमका कशावर चाललाय ते कळतं. शाळा-कॉलेजच्या अभ्यासापुरता लॅपटॉप तीस-पस्तीस हजारांत येतो. त्यावरचे बहुतेक पैसे खेळासाठी जातात. ते द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर किती, हे घरात बसून ठरवा. दुकानाच्या काउंटरवर ठरवायची ही गोष्ट नाही.

पुढे दिलेले भाव साधारण अंदाजाचे आहेत. २०२५च्या अखेरीपासून जगभर रॅम आणि एसएसडी महागल्या आहेत, त्यामुळे मागच्या दिवाळीला शेजाऱ्याने सांगितलेल्या भावात आज तोच माल मिळेलच असं नाही. खरेदीच्या आठवड्यात दोन दुकानं आणि एक ऑनलाइन साइट, असे तीन भाव घ्या.

आधी खेळांची नावं लिहून घ्या

"गेमिंगसाठी लॅपटॉप द्या" असं दुकानात म्हटलं की समोर साठ हजारांच्या वरचा माल येतो. म्हणून मुलाला घरीच विचारा : नेमके कोणते खेळ? चार-पाच नावं लिहून घ्या. त्यांचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट हलक्या खेळांचा : माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलोरंट. हे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतात. दुसऱ्या गटात जीटीए फाइव्ह किंवा काउंटर-स्ट्राइक टू. चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असेल तर हे कमी सेटिंगवर चालतात, पण ओढाताण होते. तिसरा गट अलीकडच्या भारी खेळांचा. त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवंच आणि खरा खर्च तिथूनच सुरू होतो.

फ्री फायर आणि बीजीएमआय हे फोनसाठी बनवलेले खेळ आहेत. यादीत फक्त हीच नावं असतील, तर खेळासाठी लॅपटॉपवर एक रुपयाही जास्त घालू नका.

यादीतल्या प्रत्येक खेळाचं वय आणि आकारही पाहा. जीटीए हा अठरा वर्षांवरच्यांचा खेळ आहे, तो नववीतल्या मुलाच्या यादीत असेल तर आधी त्यावर बोलणं व्हायला हवं. आकाराचं म्हणाल तर काउंटर-स्ट्राइक टूला ८५ जीबी जागा लागते. घरी फायबर नसेल आणि रोज २ जीबी डेटाच्या मोबाइल पॅकवर भागत असेल, तर हा एक खेळ उतरवायलाच दीड महिना जाईल. चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या गावांत राहणाऱ्यांनी हा हिशेब लॅपटॉप घेण्याआधी करावा.

अभ्यासाला काय लागतं?

आठवी ते बारावीच्या अभ्यासाला फार काही लागत नाही. ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तकं, यूट्यूबवरचे तास, ऑनलाइन क्लास, प्रोजेक्टसाठी वर्ड आणि पॉवरपॉइंट, स्क्रॅच किंवा पायथनची तोंडओळख, एमएस-सीआयटीचा सराव. बारावीला आयटी विषय असेल तर एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी. हे सगळं ८ जीबी रॅम, एसएसडी आणि साध्या आय-थ्री प्रोसेसरवर व्यवस्थित चालतं.

एक अपवाद आहे. बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चरचा विचार पक्का असेल, तर कॅडसारख्या सॉफ्टवेअरसाठी १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स उपयोगी पडतं. पण त्यासाठी दहावीतच महाग लॅपटॉप घेऊन ठेवू नये. तो कॉलेजात जाईपर्यंत तीन वर्षांचा जुना झालेला असतो.

मूल जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीची तयारी करणार असेल आणि तुम्ही इतर मागासवर्ग, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातले असाल, तर खरेदीआधी 'महाज्योती'ची चौकशी करा. या संस्थेच्या परीक्षापूर्व प्रशिक्षण योजनेत विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि इंटरनेट डेटा दिला जातो. टॅबलेट मिळाला तर अभ्यासाच्या व्हिडिओंची सोय फुकटात होते आणि लॅपटॉपची घाई उरत नाही.

स्टिकरवरचं काय वाचायचं?

"भाऊ, आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या," असं कुणी म्हणालं तर डोळे उघडे ठेवून पुढच्या गोष्टी विचारा.

प्रोसेसरचा पूर्ण नंबर : नुसत्या 'आय-फाइव्ह'ला अर्थ नाही. आय-फाइव्ह ७३०० ही सातवी पिढी, ८२५० ही आठवी आणि १२३५ ही बारावी. बाराव्या पिढीचा आय-थ्री सातव्या पिढीच्या आय-फाइव्हपेक्षा सहज पुढे असतो. सेलेरॉन प्रोसेसर स्वस्त दिसला तरी घेऊ नका, वर्षभरात मूल कंटाळतं.

रायझनची गंमत : रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा पाहा, तोच प्रोसेसरच्या आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन फाइव्ह ७५२० आणि ७५३० ही नावं भावंडांसारखी वाटतात, पण ७५२०चं ग्राफिक्स बरंच दुबळं आहे आणि त्याची रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते. म्हणजे ८ जीबी घेतला की तो कायमचा ८ जीबीच. अभ्यासाला ७५२० चालेल. खेळ यादीत असेल तर ७५३० किंवा ५६२५ मागा.

रॅम : खेळासाठी १६ जीबी धरा. ८ जीबी घेत असाल तर दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते विचारा. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सबाबत तर ही बाब निर्णायक आहे. रॅमची एकच पट्टी असेल तर ते ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालत नाही. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या की तोच लॅपटॉप खेळात लक्षणीय सुधारतो.

स्टोरेज : ५१२ जीबी एसएसडी. अभ्यासाला २५६ पुरते, पण दोन मोठे खेळ टाकले की ती भरते.

स्क्रीन : फुल एचडी आणि आयपीएस. लॅपटॉप थोडा तिरका करून पाहा. बाजूने पाहताना रंग उलटेपालटे दिसले तर तो पॅनेल हलका आहे. रोज तीन-चार तास डोळे याच स्क्रीनवर असणार आहेत.

ग्राफिक्स कार्ड : एनव्हिडियाचं आरटीएक्स २०५०, ३०५०, ४०५० अशी चढती भांजणी असते. एकाच नंबरचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये कमी-जास्त वॅटवर चालवलं जातं, म्हणून वॅटचा आकडा विचारा. जास्त वॅट म्हणजे जास्त वेग, आणि जास्त उष्णताही.

किती पैशात काय येतं?

१८ ते २८ हजार : कंपन्यांमधून बाहेर पडलेले, दुरुस्त करून विकले जाणारे (रिफर्बिश्ड) बिझनेस लॅपटॉप, म्हणजे डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक, लेनोव्होचा थिंकपॅड. ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी. अभ्यास उत्तम, हलके खेळ ठीक.

३० ते ३८ हजार : बाराव्या पिढीचा आय-थ्री किंवा रायझनचा नवा लॅपटॉप, ८ जीबी आणि ५१२ एसएसडी. अभ्यासाला पुरेसा, पहिल्या गटातले खेळ चालतात.

४० ते ५० हजार : बारावी-तेरावी पिढी आय-फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी. अभ्यास आणि दुसऱ्या गटापर्यंतचे खेळ. बहुतेक घरांनी इथेच थांबावं.

५५ ते ७० हजार : स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खरा गेमिंग लॅपटॉप. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, वर जड चार्जर. खेळताना बॅटरी तास-दीड तासात खाली येते आणि चार्जर काढला की वेगही उतरतो. रोज बसने क्लासला नेण्याच्या कामाचा नाही.

क्रोमबुक किंवा अँड्रॉइडवर चालणारे पंधरा-वीस हजारांचे छोटे लॅपटॉप अभ्यासाला चालतील. पण विंडोजचे खेळ त्यांवर चालत नाहीत, हे घेण्याआधीच मुलाला सांगा, नाहीतर घरी आल्यावर रुसवा ठरलेला.

खेळ फक्त घरीच खेळायचा असेल तर असेंबल डेस्कटॉपचाही भाव काढा. तेवढ्याच पैशात तो जास्त ताकद देतो आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. मात्र वीज गेली की तो बंद, म्हणून यूपीएसचा खर्च धरावाच लागतो.

दुकानात दहा मिनिटं

नवा असो वा जुना, पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. 'सीपीयू'मध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. 'मेमरी'मध्ये किती जीबी रॅम आणि किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. 'दोनपैकी एक' दिसलं तर पुढे रॅम वाढवायला जागा आहे. 'डिस्क'मध्ये एसएसडी लिहिलेलं हवं. 'जीपीयू'मध्ये कार्डाचं नाव. दुकानदाराने सांगितलेलं आणि इथे दिसणारं जुळलं पाहिजे.

मग पांढरं पान आणि काळं पान पूर्ण स्क्रीनवर उघडून डाग आहेत का ते पाहा. कीबोर्डचं प्रत्येक बटण, कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूंचे यूएसबी तपासा. लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते कळतं. चार्जरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, तोही पाहून घ्या. नकली चार्जर इथेच उघडा पडतो.

जुना घेताना

पहिला नियम : आठव्या पिढीच्या खालचा इंटेल घेऊ नका. विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बारा-पंधरा हजारांत समोर येतात, ते यासाठीच. त्यांवर आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे असतात. पण व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी तपासतो आणि त्या नसतील तर तिथे अडतो.

दुसरा नियम : बॅटरी रिपोर्ट काढून मागा. विंडोजमध्ये तो फुकट निघतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मूळ ५०,००० आणि आज ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे. नव्या बॅटरीचे दोन ते चार हजार तिथेच भावातून कमी करून घ्या.

तिसरा नियम : दुकानातच विंडोज रीसेट करून, इंटरनेट जोडून पुन्हा सुरू करायला लावा. कंपनीतून आलेल्या काही लॅपटॉपवर जुन्या मालकाचं कुलूप असतं. रीसेट केल्यावर ते कुठल्याशा कंपनीचा ईमेल मागतात. असा लॅपटॉप फुकट मिळाला तरी नको. आणि दुकानाची किमान सहा महिन्यांची वॉरंटी लेखी हवी, तोंडी नको.

किमतीबाहेरचा खर्च

४५ हजारांचा लॅपटॉप घरी येईपर्यंत ४८-५२ हजारांवर जातो. माऊस तीनशे ते सहाशे (टचपॅडवर खेळता येत नाही), माइकचा हेडफोन पाचशे ते हजार, बरा स्पाइक गार्ड पाचशे ते आठशे, वाढीव वॉरंटी दोन ते पाच हजार. बॅग बहुधा सोबत मिळते; नसेल तर मागा.

वेगळा अँटिव्हायरस घ्यायलाच हवा असं नाही, विंडोजमधला असतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपसोबत ऑफिस येतं, ते पहिल्याच आठवड्यात पालकाच्या ईमेलवर सुरू करून घ्या. नसेल तर लिब्रे ऑफिस किंवा गुगल डॉक्स फुकट आहे. क्रॅक केलेलं विंडोज आणि क्रॅक केलेले खेळ मात्र लांब ठेवा. तुमचं नेटबँकिंगही त्याच लॅपटॉपवर होणार आहे.

खेळ फुकट असला तरी आतली खरेदी फुकट नसते. आपलं कार्ड मुलाच्या खात्याला जोडू नका. मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट आहे. त्यात रोजची वेळ आणि वयाची मर्यादा लावता येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हेही मुलाला सांगून ठेवा.

ऊन, धूळ आणि वीज

बहुतेक कंपन्या लॅपटॉपसाठी ३५ अंशांपर्यंतचं भोवतालचं तापमान ठीक धरतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४३-४४च्या पुढे जातो. म्हणजे दुपारी पंख्याखालच्या खोलीत भारी खेळ सुरू केला की लॅपटॉप आतल्या आत वेग कमी करतो आणि मूल म्हणतं, "लॅपटॉपच खराब आहे." खराब नसतो, तापलेला असतो. उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा रात्री. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवायचा नाही. टेबलावर, मागची बाजू थोडी उचलून. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका, बॅटरीचं आयुष्य तिथे जळतं.

आपल्याकडे घरोघरी कूलर असतो. कूलरच्या थेट झोताखाली लॅपटॉप ठेवू नका, त्या हवेत ओलावा असतो. जिनिंगच्या किंवा रस्त्याच्या बाजूला घर असेल तर कापसाचे तंतू आणि धूळ पंख्यात अडकते. वर्षातून एकदा, शक्यतो आखाजीच्या आधी, आतून साफ करून घ्या.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने भारनियमनात यूपीएस लागत नाही. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाची फारशी चिंता नाही. चिंता आहे ती वीज परत येतानाच्या झटक्याची. त्यासाठी स्पाइक गार्ड. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आधी घरातलं अर्थिंग तपासा.

कुठून घ्यावा, हप्ता घ्यावा का?

जळगावात गोलाणी मार्केट, धुळ्यात आग्रा रोडचा परिसर, अशा ओळखीच्या बाजारात फिरल्याशिवाय भावाचा अंदाज येत नाही. ऑनलाइन सेलमध्ये तोच मॉडेल दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतो. दुकानदाराला तो भाव दाखवा; पूर्ण नाही तरी अर्धा फरक बऱ्याचदा निघतो, आणि अडचणीला उभा राहणारा माणूस मिळतो. ऑनलाइनच घेतला तर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा.

पुणे-सुरतेहून नातेवाइकाकरवी मागवणार असाल किंवा इथेच घेणार असाल, एक प्रश्न विचारल्याशिवाय राहू नका : दुरुस्ती कुठे होणार? ऑनसाइट वॉरंटी म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन म्हणजे लॅपटॉप आपण सेंटरला न्यायचा. सेंटर नाशिकला असेल तर जळगावहून एक अख्खा दिवस आणि जाण्या-येण्याचं भाडं गेलं. कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून आधीच खात्री करा. शहरात ४२५००१ किंवा ४२४००१ला मिळणारी सेवा आपल्या तालुक्याच्या पिनकोडवर मिळतेच असं नाही.

'नो कॉस्ट' हप्ताही बारकाईने पाहा. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. समजा ४५ हजार, नऊ हप्ते, व्याज १५ टक्के दराने : व्याज सुमारे २,८०० रुपये, त्यावर जीएसटी सुमारे ५००, शिवाय फी. म्हणजे सात-आठशे रुपये जास्तीचे जातात. हप्ता चुकला तर दंड आणि सिबिलवर डाग वेगळाच. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हाती येणार असेल तर जूनमध्ये हप्त्याने घेण्यापेक्षा सणाच्या सेलची वाट पाहणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

बिल आणि तक्रार

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ४५,००० रुपयांच्या लॅपटॉपमध्ये सुमारे ६,८६४ रुपये कराचे. "बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो," हा सौदा आपल्या तोट्याचा : वॉरंटीचा दावा आणि ग्राहक आयोगातली तक्रार, दोन्हींचा पाया ते बिलच असतं. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा.

माल सदोष निघाला आणि दुकान-कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर फोन करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग विक्रेता बेंगळुरूचा का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

थोडक्यात निवाडा असा. आठवी-नववीतल्या मुलाला आठव्या पिढीच्या पुढचा चांगला रिफर्बिश्ड लॅपटॉप पुरतो. दहावी-बारावीसाठी चाळीस-पन्नास हजारांतला, १६ जीबी रॅम आणि दोन पट्ट्यांचा लॅपटॉप घ्या. अभ्यास आणि रोजचे खेळ दोन्ही भागतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे वरचे पंधरा-वीस हजार हा निव्वळ खेळाचा खर्च आहे. ऐपत असेल तर खुशाल करा, पण अभ्यासाच्या नावावर आणि कर्ज काढून करू नका.